छोटा मिररलेस कॅमेरा घेताय? आधी उजेड बघा, मग मूठ

दिवाळीत भाची इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आली ती फोन नाचवतच. "मामा, हे बघ." रात्री सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत काढलेला फोटो होता. दहीवडेवाल्याने द्रोण वर उडवलाय, मागे पिवळ्या बल्बांची रांग, समोर माणसांची ही गर्दी. पडद्यावर झकास दिसत होता. मी दोन बोटांनी मोठा केला, तर द्रोणाच्या जागी एक पांढरट फराटा आणि दहीवडेवाल्याचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत.

"यात २०० मेगापिक्सेल आहेत म्हणे," ती म्हणाली. "मला आता खरा कॅमेरा घ्यायचाय. छोटा. पर्समध्ये मावेल असा. फोटो मात्र छान यायला हवेत. कोणता घेऊ?"

फोनने कॅमेरा संपवला असं आपण सगळे धरून चाललो होतो, पण वारं थोडं फिरलंय. फुजीफिल्मने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स १०० सिक्स आणला. लेन्स पक्की बसवलेली, वजन ५२१ ग्रॅम. त्यासाठी लोक महिनोन् महिने रांगेत थांबले आणि त्यात तरुण मुलंमुलीच जास्त. पण दुकानात पाय ठेवला की एपीएस-सी, फुल फ्रेम, एफ १.८, आयबिस असा मारा सुरू होतो आणि माणूस शेवटी दुकानदार पुढे करेल तो डबा घेऊन घरी येतो. तसं होऊ नये म्हणून भाचीला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

आरसा होता कुठे, गेला कुठे?

लग्नातल्या फोटोग्राफरकडे असायचा तो जाडजूड कॅमेरा म्हणजे डीएसएलआर. त्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो आलेलं दृश्य वर फेकतो आणि आपण ते डोळ्याने बघतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. ते 'खटॅक' मुख्यतः त्या आरशाचं. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चकती, जुन्या फिल्मच्या जागी आलेली.

या आरशाला उचलायला जागा लागते, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसवावी लागायची. निकॉनमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं. आरसा काढून टाकल्यावर, म्हणजे मिररलेसमध्ये, ते १६ वर आलं. कॅननचं ४४ वरून २० वर. कॅमेऱ्याचं शरीर, म्हणजे बॉडी, बारीक झालं ते यामुळे. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी १ काढून या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं. कॅनन आणि निकॉन या दोन मातब्बरांनी आपल्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांतून आरसा काढला तो थेट २०१८ मध्ये.

आता डोळ्याला जे दिसतं ते आरशातलं नसतं, आत बसवलेल्या चिमुकल्या पडद्यावरचं असतं. त्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात. याचा फायदा मोठा: फोटो काळपट येणार की पांढरा फटक पडणार, हे बटण दाबण्याआधीच दिसतं. तोटा बॅटरीचा. निकॉनचा डी ५६०० हा डीएसएलआर कंपनीच्या चाचणीत एका चार्जवर ९७० फोटो काढायचा, तर मिररलेस झेड ५० साधारण ३०० काढतो. म्हणून दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्यायची. पत्रिका देवापुढे ठेवावी, इतकं ते ठरलेलं.

फोटो 'छान' येतो म्हणजे काय होतं?

मृगाचा पहिला पाऊस आठवा. ओटल्यावरच्या फरशा कोरड्या आहेत आणि टपटप थेंब पडायला लागलेत. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात, तिसरीवर एकच. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, पण फरशा बघून तसं वाटत नाही, सगळं ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाच मिनिटं जोराची सर आली की हा फरक मिटतो, ओटला एकसारखा ओला दिसतो.

उजेडसुद्धा असाच थेंबाथेंबाने पडतो. जिथे सरासरी १०० थेंब पडायचे तिथे दहाएक इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्क्यांचा गोंधळ. जिथे १०,००० पडायचे तिथे शंभरेक इकडेतिकडे होतात, म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या फोटोत जी बारीक खर दिसते ती हीच. तिला नॉइज म्हणतात. कॅमेरा स्वस्त आहे म्हणून ती येत नाही, थेंब कमी पडले म्हणून येते.

थेंब वाढवायचे तीन मार्ग. एक, जास्त वेळ थांबायचं, म्हणजे शटर (सेन्सरपुढचा पडदा) जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण मग द्रोण हलतो. दोन, लेन्सचं भोक मोठं घ्यायचं. तीन, ओटलाच मोठा घ्यायचा, म्हणजे सेन्सर. आयएसओ नावाचा चौथा मार्ग दुकानदार सांगतो, पण तो मार्ग नव्हेच. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी घालतो. पातेलं भरतं, डाळ मात्र तेवढीच राहते. आयएसओ वाढवला की फोटो उजळ होतो, उजेडाचे थेंब तेवढेच राहतात.

आता ओटल्याचे आकार. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. त्याखालोखाल एपीएस-सी. सोनी, निकॉन, फुजी यांचा साधारण ३६७, कॅननचा थोडा लहान. मायक्रो फोर थर्ड्स २२५. आणि चांगल्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर ७० च्या आसपास. म्हणजे एपीएस-सी हा फोनच्या पाचपट. इथे गिऱ्हाईक खूश होऊन पैसे काढतं.

थांबा.

डब्यातली लेन्स आणि फोन: एक न आवडणारा हिशेब

कॅमेऱ्याच्या डब्यात जी छोटी झूम लेन्स मिळते तिला किट लेन्स म्हणतात. तिच्यावर ३.५–५.६ किंवा ४.५–६.३ असं काही लिहिलेलं असतं. हा एफ आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं, भोकाचं माप, आणि ते उलटं चालतं: आकडा लहान तितकं भोक मोठं. लेन्सच्या मिलिमीटरला या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास निघतो. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर असेल तर भोक जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढं. तीच ५.६ वर असेल तर तुरीच्या दाण्याएवढं. क्षेत्रफळात फरक जवळपास दहापट.

आता फोन. त्याची लेन्स असते एफ १.७ च्या आसपास. किट लेन्स अगदी रुंद टोकाला ३.५ वर असली तरी सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर ती फोनच्या लेन्सच्या पाव हिश्शाहूनही कमी उजेड सोडते. सेन्सर पाचपट मोठा, उजेड पाव हिश्शाहून कमी. भाचीने हे बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एवढे पैसे घालून बरोबरीच?"

जेमतेम बरोबरी. वर फोन आणखी एक चलाखी करतो. तो एका फोटोऐवजी भराभर अनेक फोटो काढून एकावर एक रचतो आणि खर पुसून टाकतो. राजवाडा रात्री जागेवरच उभा असतो, म्हणून त्याचा फोटो फोनमध्ये सुरेख येतो. द्रोण उडता असतो, त्यामुळे रचताना त्याचा फराटा होतो. चेहऱ्यावरची खर पुसता पुसता सुरकुत्याही पुसल्या जातात, तो मेणचटपणा तिथून येतो.

किट लेन्स काढून त्याच कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स लावा. सराफ्यातल्या ज्या उजेडात किट लेन्सला आयएसओ ८००० लागला असता, तिथे ८०० मध्ये काम होतं. सोनीची अशी एक लेन्स १५४ ग्रॅमची आहे. ती झूम होत नाही, आपणच दोन पावलं पुढेमागे व्हायचं. माझं स्पष्ट मत आहे की पैसे मोजके असतील तर शरीर एक पायरी खालचं घ्या आणि वाचलेले पैसे अशा लेन्सवर घाला. दुकानदार उलट सांगेल.

मेगापिक्सेलचं काय?

विशेष काही नाही. ४के टीव्हीचा पूर्ण पडदा ८३ लाख ठिपक्यांचा असतो, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलसुद्धा नाही. १२ बाय १८ इंचांची उत्तम प्रिंट काढायला साडेएकोणीस लागतात. आज मिळणारे बहुतेक छोटे मिररलेस २४ च्या आसपास किंवा वर आहेत. फोनमधले ते २०० सुद्धा नेहमीच्या वापरात सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात.

मग सरळ फुल फ्रेमच का घेऊ नये?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता, आणि चुकीचं उत्तर दिलं होतं. एरिअर्सचे पैसे हातात आले होते. शरीर ६५० ग्रॅम, वर २४–१०५ ची झूम ६६३ ग्रॅमची. फोटो देखणे यायचे, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा महेश्वरला नेला. घाटाच्या पायऱ्या चढउतर करताना पट्टा मानेत रुतायला लागला. दुपारी बायकोने तिच्या फोनवर नावेतल्या नातेवाइकांचे दहा फोटो काढले, तोवर मी झाकण शोधत होतो. वर्षभरात तो कपाटात गेला, मग पुतण्याकडे.

नंतर हिशेब केला तेव्हा जास्त वाईट वाटलं. माझी झूम एफ ४ ची होती. फुल फ्रेमवर एफ ४ जेवढा उजेड जमा करतं, साधारण तेवढाच एपीएस-सीवर एफ २.८ करतं. भोक दुप्पट उजेड सोडतं, सेन्सर निम्म्याहून थोडा लहान. सिग्माची १८–५० मिलिमीटर, एफ २.८ ही लेन्स सोनीसाठी २९० ग्रॅमची आहे. मान्य, माझ्या लेन्सचा पल्ला लांब होता, ही तितकी दूरचं जवळ आणत नाही. पण ४०३ ग्रॅमच्या ए ६४०० वर ती लावली तर सगळं मिळून सातशे ग्रॅमच्या आत. माझं धूड तेराशेच्या वर होतं.

फुल फ्रेमचं शरीर आता छोटंही मिळतं. कॅननचा आर ८ हा ४६१ ग्रॅमचा, सोनीचा ए ७ सी टू ५१४ चा. पण लेन्सला त्या मोठ्या सेन्सरभर उजेड पोचवायचा असतो, ती सहसा आकसत नाही. जाहिरातीत मात्र वजन फक्त शरीराचं छापतात. म्हणजे डब्याच्या झाकणाशिवाय डबा तोलण्यातला प्रकार.

छोटा म्हणजे हातात सोयीचा, असं नाही

भाचीचा 'पर्समध्ये मावेल' हा हट्ट मला इथे मोडायचा होता. कॅमेरा पर्समध्ये असतो तेव्हा त्याचा आकार महत्त्वाचा, हातात असतो तेव्हा त्याची मूठ. अगदी चपट्या कॅमेऱ्याला धरायला उंचवटाच नसतो. तो चिमटीत धरावा लागतो, आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. दोनशे ग्रॅम जास्त वजनाचा, पण खोल मुठीचा कॅमेरा दिवसभर हलका वाटतो. पाण्याची कळशी कडीने धरा आणि तीच काठाला चिमटीत धरा, मग फरक सांगायला मी लागणार नाही.

दुकानात गेलात तर रिकामा कॅमेरा हातात घेऊ नका, तुम्ही वापरणार ती लेन्स लावायला सांगा. मग करंगळी बघा. ती कॅमेऱ्याच्या तळाखाली लोंबकळते का? थोडी लोंबकळली तर चालतं, पण अनामिकाही घसरत असेल तर तो तुमच्या हाताचा कॅमेरा नाही. मूठ आणि लेन्स यांच्यामध्ये बोटांची पेरं मावतात का तेही बघा. अंगठी घालणाऱ्यांची अंगठी तिथे घासते. डावा तळवा लेन्सखाली ठेवा आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, कॅमेरा धरायची रीत हीच. हात लांब करून, आरती ओवाळल्यासारखा धरला तर चांगला कॅमेराही हलतो.

डोळा लावून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. काही व्ह्यूफाइंडरमध्ये चष्म्यातून चारी कोपरे दिसतच नाहीत. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याला डाव्या कोपऱ्यातला व्ह्यूफाइंडर बरा पडतो, नाक बाजूला राहतं. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक मात्र पडद्यावर दाबलं जातं, आणि पडदा स्पर्शाने चालणारा असेल तर नाकानेच फोकसची जागा सरकते. हसू नका, माझ्या भाचीचं अगदी हेच झालं. ती डाव्या डोळ्याची आहे हे आम्हाला जेल रोडवरच्या दुकानात कळलं. अर्थात ही स्पर्शाची सोय बंद करता येते.

चाकं मोजा. बोटाशी एक आणि अंगठ्याशी एक अशी दोन चाकं असली की एकाने भोक आणि दुसऱ्याने शटर बदलता येतं, डोळा न काढता. कॅनन आर ५० ला असं एकच चाक आहे, आर १० ला दोन. वजनात फरक ५४ ग्रॅमचा. फक्त ऑटोवर काढणार असाल तर एक पुरे.

'त्यात स्टॅबिलायझेशन आहे, मग फोटो हलणार नाही ना?'

हलेल. आयबिस म्हणजे कॅमेऱ्याच्या आत सेन्सर तरंगता ठेवण्याची व्यवस्था. तुमचा हात थरथरला की सेन्सर उलट्या दिशेला सरकतो. सोनी ए ६७००, फुजी एक्स-टी ५० यांत ती आहे, ए ६४०० आणि आर १० मध्ये नाही. रात्री राजवाड्याचा फोटो हातात धरून काढायचा तर तिचा खरोखर उपयोग होतो. पण ती सावरते तुमचा हात, दहीवडेवाल्याचा द्रोण नाही. पळणारं पोर, उडणारा द्रोण, नाचणारी वरात यांना थांबवायला शटरच जोरात हवं, सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढं. आणि त्यासाठी पुन्हा मोठं भोक.

सराफ्यातली आणखी एक फजिती सांगतो, कारण ती झाल्यावर लोक कॅमेरा बिघडला म्हणून परत घेऊन जातात. फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात दिवा दोनदा मंदावतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा. साध्या एलईडीत हे जास्त जाणवतं. डोळ्याला दिसत नाही, पण आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही मंद वेळी वाचल्या जातात. आवाज करणारं साधं शटर निवडा आणि वेग एकशतांश ठेवा, पट्टे जातात. पाचशेवा भाग हवाच असेल तर मेनूमध्ये अँटी-फ्लिकर नावाची सोय आहे का बघा. नसेल तर दहा फोटो ओळीने काढा, त्यातला एखादा बरा निघतो.

जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का?

शिकायला घ्या, बिनधास्त. उजेडाचा नियम त्यालाही तोच, बॅटरीही जास्त चालते. फक्त नव्या लेन्सा आता बहुतेक मिररलेससाठीच येतात, आणि मिररलेस कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो, ते सुख जुन्यात सहसा नाही. भाचीने विचार केला आणि सोडून दिला, कारण तो पर्समध्ये कोणत्याच हिशेबाने मावत नव्हता.

सिरपूर तलावावरचे पक्षी टिपायचे असतील तर मात्र या लेखातलं बरंचसं विसरा. दूरचा पक्षी जवळ आणणाऱ्या सोनीच्या २००–६०० लेन्सचं वजनच दोन किलोंच्या वर आहे, तिच्यामागे छोटं शरीर लावून काही वाचत नाही. आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, कोणताच कॅमेरा उघडा नेऊ नका. 'वेदर सील्ड' म्हणजे शिंतोडे सोसणारा, गुलालाच्या तोफेपुढे उभा राहणारा नव्हे. मिररलेसमध्ये लेन्स काढली की बऱ्याचदा सेन्सर समोरच उघडा असतो, तेव्हा रस्त्यात लेन्स बदलायची सवयही नको. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलात तर लेन्सवर बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

शेवटी काय घेतलं?

दुकानात तीन कॅमेरे काढायला लावले, तिन्हींवर लेन्स चढवायला लावली आणि भाची प्रत्येक दहा-दहा मिनिटं धरून उभी राहिली. काउंटरवरचा मुलगा वैतागला. "भिया, लेना कौन सा है?" त्याने मलाच विचारलं. सगळ्यात चपटा तिने आधी बाजूला केला. उरलेल्या दोनांतल्या एकाच्या कोपऱ्यातल्या व्ह्यूफाइंडरने तिच्या नाकाशी वैर धरलं. राहिला तो मधोमध व्ह्यूफाइंडर असलेला, बऱ्यापैकी मुठीचा. किट लेन्सचा डबा नको म्हणून सांगितलं, ३५ मिलिमीटर एफ १.८ आणि एक जादा बॅटरी घेतली. बिलावर कंपनीची भारतातली वॉरंटी लिहून घेतली. बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो, पण बिघडला की कंपनीचं इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

घरी आल्यावर ताईने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. लेन्ससकट सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. पर्समध्ये मावला, पण पाण्याची बाटली बाहेर काढावी लागली.

त्याच शनिवारी आम्ही सराफ्यात गेलो. गराडू, म्हणजे तळलेला कंद, विकणाऱ्याच्या कढईशेजारी उभं राहून तिने दहीवडेवाल्याचे पन्नास-साठ फोटो काढले. एकात द्रोण हवेत अगदी स्थिर आहे, दह्याचा थेंबसुद्धा जागच्या जागी दिसतो. फक्त फोकस मागच्या बल्बवर बसलाय आणि दहीवडेवाला धूसर आहे. पुढच्या शनिवारी ती परत जाणार आहे.